उजवीकडचे सूर

तेजश्रीने पेटीच्या उजवीकडची एक पट्टी दाबली आणि दचकून हात मागे घेतला. पट्टी वाजली होती. स्वच्छ, बारीक.

"बाई, ही बिघडलेली नाही?"

"बिघडलीय असं कोण म्हणालं?" उज्ज्वलाबाई भाता हलवत म्हणाल्या.

तसं कोणीच म्हणालं नव्हतं. दासगावात बाईंच्या ओटीवर दर रविवारी ख्रिस्ती मंडळींची उपासना होई, आणि बाईंचा हात पेटीच्या मध्यापलीकडे कधी जात नसे. पुढचे सूर पुरात भिजून गेले असणार, असं मुलांनीच ठरवून टाकलं होतं.

"मग तुमचा आवाज तिथवर पोचत नाही?"

बाईंनी त्याच पट्टीवर बोट ठेवलं आणि नाताळच्या गीताची पहिली ओळ तिथून उचलली. परसात भांडी घासणाऱ्या कमळाबाईंचा हात थांबला. तेजश्री पेटीजवळ सरकली.

"रविवारी असं का नाही गात तुम्ही?"

"या रविवारी गीत तू सुरू कर. सूरही तूच निवड. मग का ते तूच मला सांग."

आठवडाभर तेजश्री वरच्या सुरात गात होती. मुंबईला कामाला असलेले तिचे पप्पा, प्रवीण, तिला ऐकायला पहिल्यांदाच येणार होते.

रविवारी ओटी भरली. तिने उजवीकडची पट्टी दाखवली. बाईंनी सूर दिला.

पहिलं कडवं सुरेख झालं. शेवटचा सूर लांबवून तिने डोळे उघडले. सगळे तिच्याकडे बघत होते; गात कोणीच नव्हतं. भातगिरणीत पोती उचलणाऱ्या भागोजी आजोबांचा आवाज एरवी रविवारी सगळ्यांत मोठा. आज दोनदा तो फाटला होता. आता ते मांडीवरच्या टोपीची घडी घालत होते. कमळाबाईंचे ओठ मिटलेले. पप्पा तेवढे हसून मान डोलवत होते.

तेजश्रीने बाईंकडे पाहिलं. बाई भाता हलवत तिची वाट बघत होत्या.

तिने स्वतःच पट्ट्यांवर बोट ठेवलं आणि एकेक पट्टी डावीकडे, खालच्या सुराकडे सरकत गेली. बाईंचं बोट नेहमी जिथे असायचं, तिथली पट्टी वापरून गुळगुळीत झाली होती. ती तिथे थांबली.

दुसऱ्या कडव्याला आधी भागोजी आजोबांचा घोगरा आवाज आला, मग कमळाबाईंचा, मग सगळ्या ओटीचा. शेजारी बाईही गात होत्या, पण ते फक्त तिलाच ऐकू येत होतं.

चहाच्या वेळी भागोजी आजोबा तिच्याजवळ आले.

"पयल्यांदा वरंधचा घाटच चढवलास गो आमाला. म्हटलं, आता काय आपण वर पोचत नाय."

प्रवीणने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पहिलं कडवं झकास. पण दुसऱ्याला गप्प का झालीस गो?"

"गातच होते, पप्पा."

पेटीवर फडकं टाकताना बाईंनी ते ऐकलं. रविवारी वरच्या सुरात का गात नाही, हे त्यांना तिला विचारावं लागलं नाही.