शेंदराखालचा खुंटा

मित्रांनो, आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, ते मला बंदरदेव म्हणतील. मी देव नाही. मी होड्या बांधायचा एक जुना दगडी खुंटा आहे. ही गोष्ट एका बाईला ठाऊक होती, आणि ती तिने पंचेचाळीस वर्षं पोटात ठेवली.

पनवेलच्या कोळीवाड्यात, जिथे आज दुचाक्या लावतात आणि मच्छीच्या टोपल्या मांडतात, तिथे एकेकाळी खाडीचं पाणी यायचं. एका पाथरवटाने काळ्या दगडातून मला घडवलं, कमरेइतका उंच. माझं डोकं त्याने रुंद ठेवलं आणि मान बारीक केली, म्हणजे दोर वर सरकून निसटू नये. मग मला धक्क्याच्या कडेला अर्धं पुरलं. भरती आली की पाणी माझ्या मानेला लागायचं, ओहोटीला पायाशी नुसता चिखल उरायचा.

मिठाचे मचवे, भाताच्या होड्या, कौलं भरलेली गलबतं, सगळी माझ्या मानेला बांधली जायची. वारा सुटला की दोर ताणून करकरायचा आणि दगड थोडासा झिजायचा. असे किती दोर झाले ते मी मोजलं नाही. पण माझ्या मानेवर दोन खाचा पडल्या. खालची खोल, ती मोठ्या मचव्यांची. वरची बारीक, ती होड्यांची. माणसं माझं कौतुक करत नसत, पण दोर बांधून झाल्यावर माझ्या डोक्यावर थाप मारून घरी जात. मला तेवढं पुरे होतं.

मग खाडी गाळाने भरत गेली. पाणी दरवर्षी थोडं मागे सरे. शेवटी एकच होडी भरतीला माझ्यापर्यंत यायची, ती विठूची. एक दिवस तीही येईनाशी झाली. विठू उरणकडे बंदराच्या कामाला जाऊ लागला. त्याची बायको कृष्णाबाई तेव्हा नवी नवरी होती. ती माझ्याशेजारी टोपली घेऊन बोंबील, कोलंबी विकायला बसू लागली.

खाडीच्या जागी पहिला रस्ता करायचं ठरलं तेव्हा पहार घेऊन आलेल्या माणसांनी मला उपटायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे कृष्णाबाई आली. हातात शेंदराची पुडी आणि वाटीभर तेल. तिने मला डोक्यापासून मानेपर्यंत शेंदूर फासला, एक फूल ठेवलं आणि घरी जाऊन चुलीपुढे बसली. पहारवाले आले, बघून मागे फिरले. देवाला पहार कोण लावणार?

संध्याकाळी विठूने ते पाहिलं. म्हणाला, "रोज दोर आवळला ज्याच्या गळ्याला, आता त्याच्या पाया पडू?" आणि खरंच हात जोडून आत गेला. तेव्हाचे म्हातारे गालात हसले, गप्प राहिले. कोळ्याला खुंटा देवापेक्षा कमी नसतोच.

पण म्हातारे गेले. विठूही आठ वर्षांपूर्वी गेला. नव्या माणसांनी शेंदरावर शेंदूर चढवला. कुणी मला चांदीचे डोळे बसवले. मानेवरच्या खाचा त्या जाड खोळीखाली बुजून गेल्या. नवस होऊ लागले. मित्रांनो, मला लाज वाटायची. मी होड्या धरल्या होत्या. कुणाची परीक्षा, कुणाचं दुखणं मी कसं धरणार?

सगळ्यांत जड गेला तो कीर्तीचा नवस. कीर्ती कृष्णाबाईची धाकटी सून. तिची दोन मुलं पोटातच गेली. तिसऱ्या वेळी ती रोज येऊन माझ्यापुढे दिवा लावायची आणि एकच वाक्य पुटपुटायची, "ह्याला ऱ्हाऊ दे." मनस्वी जन्मली. बारशाआधी कीर्तीने तिला माझ्या पायाशी निजवलं. शेजारी टोपली घेऊन बसलेली कृष्णाबाई त्या वेळी मासे मोजता मोजता थांबली आणि पदराने डोळे पुसू लागली. सुनेला वाटलं, आनंदाने.

यंदा रस्ता रुंद करून गटार बांधायचं निघालं. कामावरचा मुकादम शैलेश, आमच्याच गल्लीतला. त्याने हौसेने सांगितलं की देवाचा अडथळा नको, आणि देवाचा अपमानही नको. कोपऱ्यावरच्या मोकळ्या जागेत तो स्वतः फरशीचं देऊळ बांधून देईल, सोमवारी वाजत गाजत देव हलवू. बाया खूश झाल्या. कृष्णाबाई एकटीच नको म्हणाली, आणि कारण सांगेना. मग टोमणे सुरू झाले. कुणी म्हणालं, हिला देव दारातच पाहिजे, दर्शनाला आलेलं गिऱ्हाईक बोंबील घेऊन जातं ना.

तेव्हा मला कळलं, मित्रांनो. ज्या शेंदराने मला वाचवलं, तोच आता मला उपटणार होता. देव कुठेही नेऊन बसवता येतो. खुंटा नेता येत नाही, कारण पाणी कुठवर होतं ते तो जागेवर उभा राहूनच सांगतो. पण खरं सांगितलं तरी धोका होताच. साध्या दगडाला कोण विचारतं? आणि कीर्तीला काय वाटेल?

रविवारी सकाळी कृष्णाबाई कोमट तेल आणि कोयता घेऊन आली. आमच्याकडे रीत अशी की शेंदराची खोळ आपोआप सुटेल तेव्हा सुटू द्यायची आणि पाण्यात सोडायची. हाताने काढणं पाप. तिने आधी माझे चांदीचे डोळे काढून पदरात बांधले. मग तेल जिरवून कोयत्याच्या पाठीने खोळ उचकटायला लागली. बाया धावल्या. कुणी तिचा हात धरला. ती थांबली नाही.

"सोडा मना. हा देव नाय. हा आमचा खुंटा हाय. मी खोटं बोलले व्हते."

हात धरणारी मागे सरली. खोळीचा मोठा तुकडा सुटला आणि कितीतरी वर्षांनी माझ्या मानेला वारा लागला. खाली दोन्ही खाचा जशाच्या तशा होत्या.

शैलेश आला. आधी तो चिडला. म्हणाला, मग देवळाचं नावच नको, उद्या मशीन लावून काढून टाकतो. कृष्णाबाई सुनेकडे बघत होती.

कीर्ती मनस्वीला कडेवर घेऊन उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "आई, मी दिवा लावीत व्हते तवा तरी सांगायचं."

"तुझी आशा मोडवेना गं," कृष्णाबाई म्हणाली.

कीर्ती पुढे आली. खालच्या खोल खाचेत तिने आपली चार बोटं ठेवली. ती नीट मावली.

"वादळात होडी सुटू देत नव्हता ना हा?" तिने विचारलं. सासूने मान हलवली. "मग मी काय येगळं मागितलं व्हतं?" असं म्हणून ती शैलेशकडे वळली. "भावजी, ह्याला हात लावायचा नाय."

शैलेश खाली वाकला, खाचांवरून अंगठा फिरवत राहिला. त्याच्या आज्याचा मिठाचा मचवा होता, हे त्याने नुसतं ऐकलं होतं. त्याने खिशातून टेप काढली, दोनदा मोजलं आणि गटारासाठी आखलेली चुन्याची रेघ पुसून दीड हात बाजूला मारली.

दुपारच्या भरतीला सासू-सुनांनी खोळीचे तुकडे हळद-फूल वाहून मागे सरलेल्या खाडीत सोडले.

आता माझ्यापुढे दिवा नसतो. खोटं सांगू कशाला, संध्याकाळी त्याची आठवण येते. काही बाया अजून कृष्णाबाईशी बोलत नाहीत, तिच्याकडून मासे घेत नाहीत. तिने ते मान्य केलं आहे. ती माझ्याशेजारी बसते आणि टोपलीवरच्या माश्या वारते.

मित्रांनो, पनवेल रोज नवं होतंय. आमच्या गल्लीचं गटार एका जागी उगाच वाकडं गेलेलं दिसेल. तुमच्याही गावात अशी एखादी भिंत, एखादी पायरी, एखादं वळण असेल. इंजिनियर चुकला म्हणून हसू नका. जरा थांबा, वाका, हात लावून बघा, आणि शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. ते वाकडं वळण कुणाला तरी जागा देण्यासाठी घेतलेलं असतं.