गोकुळा सोडेना

छप्पन सालच्या पौषात खळ्यात धान चुरून झालं आणि गावात शंकरपट ठरला. दिवसा बैलांची शर्यत, रात्री नाटक, हा शिरस्ता. नाटक दर वर्षी केवळराम लिहायचा. यंदाही त्यानेच घेतलं होतं, पण पट उद्यावर आला तरी तिसरा अंक कागदावर नव्हता.

गोष्ट साधी होती. गोकुळाला ताप चढतो. तिचा नवरा देवाजी भरल्या वैनगंगेत डोंगा घालतो, पलीकडून सावली गावचा वैद्य आणतो आणि गोकुळा वाचते.

दोन वर्षांमागे केवळरामची बायको रंभा अशाच तापात गेली होती. तोही असाच सावलीला गेला होता. परतला तेव्हा शेजारच्या बाया तिच्या अंगावर पाणी घालत होत्या. नाटकात तरी बाई वाचावी, एवढ्यासाठीच त्याने हे लिहायला घेतलं होतं.

खळ्यात धानाच्या तणसाच्या ढिगाला टेकून त्याने लिहिलं, ‘देवाजी : मी आत्ता जातो, वैद्याले घेऊन येतो.’ यावर गोकुळाने ‘लवकर या’ म्हणायचं होतं. ती म्हणाली, ‘नका जाऊ.’

केवळरामने ते खोडलं. पुन्हा लिहिलं. या खेपेला तिने देवाजीच्या धोतराचा सोगा धरला. तेही खोडलं. देवाजीला सरळ दारापर्यंत नेलं, तर मागून ती बोललीच : ‘तुमी वैद्यासाठी नाई चालले. माह्या छातीतली घरघर तुमाले आयकवत नाई, मनून चालले.’

केवळरामच्या हातातला टाक थांबला.

हिला कोणी सांगितलं? रंभा गेली त्याच्या आदल्याच दिवशी वैद्य येऊन गेला होता. आता माझ्या हातात काही नाही, असं त्याने केवळरामला अंगणात एकट्याला सांगितलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी वैद्याला आणायला म्हणून केवळराम डोंग्यात बसला. बायकोसाठी पुरात गेला म्हणून गाव अजून त्याचं कौतुकाने नाव घेत होतं. रंभा काही बोलली नव्हती. नुसती दाराकडे बघत राहिली होती.

“केवळरामभाऊ, झाला का अंक?” मुखरू खळ्यात आला. गोकुळाचं सोंग त्याचंच. काखेत मागून आणलेलं हिरवं लुगडं होतं. “वच्छलाबाईनं दिलं. म्हणे, फाडलं तं तुलेच नेसवीन जलमभर.”

केवळराम हसला नाही. मुखरूने त्याच्या मांडीवरचा कागद ओढला.

“अरे, थे खोडलेलं हाय!”

पण मुखरूने वाचायला सुरुवात केली होती. नाटकातल्यासारखं नव्हे, हळू. “माह्या छातीतली घरघर तुमाले आयकवत नाई...” तो थांबला. “भाऊ, हे काऊन खोडलं? मंग देवाजी काय मनते?”

एक ओळ लिहिली की देवाजी दाराबाहेर पडणार होता, नदी पार करणार होता, गोकुळा वाचणार होती. मुखरू कागद धरून उभाच होता.

“आण इकडं,” केवळराम म्हणाला.

त्याने कागद घेतला आणि खोडलेल्याच्या खाली लिहिलं : ‘देवाजी काही बोलत नाही. जोडे काढतो. तिच्या उशाशी बसतो.’

मुखरूने वाकून वाचलं. “मंग वाचते का गोकुळा?”

“नाई.”

“लोकं पटाले हसाले येतात, भाऊ. लई रडतीन.”

“रडू दे.”

मुखरू लुगड्याची घडी चाचपत राहिला. मग एकदम त्याच्या ध्यानात आलं. “आन् पत्रूचं कसं? वैद्याच्या सोंगासाठी थो महिन्यापासून दाढी वाढवून राह्यला! बायको घरात घेऊन नाई राह्यली त्याले.”

केवळरामने टाक पुसून दौतीशेजारी ठेवला.

“त्याले सांग, काढ दाढी. देवाजी गेलाच नाई.”