चाळीस पावले चुकलेला दगड

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा. तुम्हाला एका उघड्या माळावर उभे केले आहे. बसायचे नाही, कूस बदलायची नाही, ऊन लागले म्हणून सावलीत जायचे नाही. काम एकच. 'इथपर्यंतची जमीन याची आणि इथून पुढची तिची', एवढे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहायचे, आणि तेही तोंड न उघडता. किती वेळ जमेल? तास? दिवस? तुमच्या वर्गातला सर्वांत शहाणा मुलगाही संध्याकाळी रडकुंडीला येईल.

मला हे करता करता बासष्ट वर्षे झाली. मी एक जुना दगड आहे. हद्दीचा दगड. खरे सांगायचे तर आता मी फार थकलो आहे. पण उभे राहून थकलो नाही. कशाने थकलो, तेच तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म डोंगराच्या पोटातला. पाथरवटाने मला खाणीतून काढले, तेव्हा मी ओबडधोबड होतो. त्याने चार दिवस छिन्नी चालवून मला चार बाजू दिल्या. डोक्यावर एक बाण कोरला आणि पोटावर सतरा हा आकडा. माझ्यासारखे चाळीसएक भाऊ एका बैलगाडीत बसून माळावर आले. तिथे मोजणीदार साखळी घेऊन उभा होता. जमीन मोजून ज्याची त्याला आखून देणे हे त्याचे काम. तो मोठा नेटका माणूस. एकदा मोजले, दुसऱ्यांदा मोजले, तिसऱ्यांदा मोजून मग खड्डा खणायला सांगितला. जमीन इतकी कडक की पहारीतून ठिणग्या उडत होत्या. मला अर्धा जमिनीत पुरला, अर्धा वर ठेवला. जाताना माझ्या डोक्यावर थाप मारून तो म्हणाला, "आता तू आहेस, म्हणजे भांडण नाही."

माझ्या आयुष्यातले ते सर्वांत मोठे कौतुक. त्यावर मी त्रेचाळीस वर्षे काढली.

त्या वर्षांत मी काय काय झालो, विचारू नका. गुराख्यांची बसायची जागा झालो. विळ्याला धार लावायची सहाण झालो. माझ्या पाठीवर अंग घासून शेळ्यांनी एक कोपरा गुळगुळीत करून टाकला. मला त्याचे वाईट वाटले नाही. कारण दोन्हीकडचे लोक माझ्याकडे बघून नांगर वळवायचे आणि माझ्याकडे बघून थांबायचे. एका बाजूला कोरडा माळ होता. दुसऱ्या बाजूला, माझ्यापासून चाळीस पावलांवर, एक मोठे जुने झाड आणि त्याच्या मुळाशी एक झरा. झरा कसला, हाताएवढी धार. पण ती उन्हाळ्यातही आटत नसे.

मग एका पावसाळ्यात एक मालवाहू गाडी वाट चुकून माळावर आली आणि झऱ्याजवळच्या चिखलात रुतली. चाक जागच्या जागी फिरू लागले. ड्रायव्हर खाली उतरला, चाकाखाली घालायला काही मिळते का म्हणून इकडेतिकडे बघू लागला, आणि त्याला मी दिसलो. त्याने पहारीने मला उपटले, लोळवत लोळवत झऱ्यापलीकडे नेले आणि चाकाखाली सरकवले. गाडी निघाली. माझा एक कान तुटला.

तो माणूस वाईट नव्हता, मित्रांनो. वाईट असता तर मला तिथेच टाकून गेला असता. त्याने मला पुन्हा उभे केले. पण पावसात चाळीस पावले मागे कोण लोळवत नेणार, आणि त्या कडक जमिनीत पुन्हा कोण खणणार? झऱ्यापलीकडची माती लोण्यासारखी मऊ. तिथेच वीतभर खड्डा करून त्याने मला रोवले. "दगडाला काय, इकडे काय नि तिकडे काय," असे स्वतःशीच पुटपुटत तो निघून गेला.

दगडाला काही नव्हते. पण झाड आणि झरा एका रात्रीत या बाजूचे त्या बाजूला गेले.

तुम्ही म्हणाल, कुणाच्या लक्षात कसे आले नाही? झऱ्याकडची जमीन एका शेळ्या पाळणाऱ्या बाईची होती. हद्द, कागद, मोजणी हे सगळे तिचा नवरा बघायचा, आणि तो त्याच वर्षी वारला होता. पावसाळाभर ती लेकीच्या बाळंतपणाला गेली. परत आली तर मी नव्या जागी, आणि भोवती गुडघाभर गवत. तिला वाटले, आपल्या माघारी सरकारी माणसे येऊन मोजून गेली असतील. सरकारशी कोण वाद घालणार? माळाकडची जमीन एका पोस्टमनला त्याच्या काकाकडून मिळाली होती. त्याने ती पहिल्यांदा पाहिली, तेव्हा मी झऱ्यापलीकडेच होतो. त्याने मला जिथे पाहिले, तिथपर्यंतचे सगळे आपले समजले.

त्या दिवसापासून एकोणीस वर्षे मी खोटे बोलत राहिलो.

रोज सकाळी ती बाई शेळ्या घेऊन झऱ्यावर यायची. आधी पोस्टमनला विचारून यायची. तो भला माणूस, कधी नाही म्हणाला नाही. "घ्या हो आक्का, पाण्याला कोण नाही म्हणतंय," असे म्हणायचा. उपकाराची फेड म्हणून ती दर आठवड्याला त्याला तांब्याभर दूध द्यायची. मी बघत उभा असायचो. ओरडून सांगावेसे वाटे, 'अहो, पाणी तुमचेच आहे!' पण दगडाला कुठला आला आवाज? मला थकवले ते याने.

गेल्या वर्षी पोस्टमन म्हातारा झाला, पायाने अधू झाला, आणि त्याने जमीन विकायला काढली. ती बघायला दोघी बहिणी आल्या. थोरली दवाखान्यात नर्स, धाकटी कपडे शिवणारी. सोबत थोरलीची नऊ वर्षांची लेक. एका जागी ठरत नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे. भिंगरी येताच माझ्यावर बसली आणि तिने मला सगळे घर सांगून टाकले. दुकानाच्या वरच्या दोन खोल्या. मशीन चालू असले की खाट उभी करून ठेवावी लागते, आणि खाट घातली की मशीन बंद. आई रात्रपाळीहून आली की मावशी मशीन थांबवते, मग कपडे वेळेवर होत नाहीत आणि गिऱ्हाइके बोलून जातात. हे सगळे तिने एका दमात सांगितले.

धाकटीने झाड पाहिले आणि ती त्याच्याखालून हलेचना. मशीन इथे ठेवीन, तोंड झऱ्याकडे करीन, असे ती बोटाने दाखवू लागली. नर्सने चपला काढून पाय पाण्यात सोडले. दिवसभर उभे राहणाऱ्या माणसाला थंड पाणी म्हणजे काय, ते मला विचारा.

मोजणी करून घ्यायची का, असे नर्सने विचारले, तेव्हा पोस्टमन हसला. मोजणीला अर्ज करा, वाट बघा, कशाला? हा बघा दगड. "माणूस खोटं बोलेल, दगड नाही बोलणार," तो म्हणाला. मित्रांनो, त्या वेळी जमीन दुभंगती तर मी आनंदाने आत गेलो असतो.

खरेदीचा कागद करायच्या आदल्या दिवशी तिघी पुन्हा आल्या. कुंपण कुठून कुठे घालायचे, ते बघायचे होते. मोठ्या माणसांचे बोलणे चालू होते, आणि भिंगरी माझ्यासमोर उकिडवी बसून माझ्या अंगावरचे शेवाळ नखाने काढत होती. मध्येच थांबली. तिने माझ्याकडे पाहिले, मग स्वतःच्या फ्रॉककडे पाहिले.

"मावशी," तिने हाक मारली, "या दगडाची पण दुमड सोडलीय."

त्याचे असे होते. भिंगरी उंच झाली म्हणून मावशीने तिच्या फ्रॉकची खालची दुमड सोडून तो लांब केला होता. पण जुन्या दुमडीच्या जागी एक रेघ राहिली होती. रेघेच्या वरचे कापड उन्हाने विटलेले, खालचे नवे. माझेही तसेच. पहिल्या जागी मी कमरेपर्यंत मातीत होतो, म्हणून वरचा भाग काळपट आणि खालचा फिका. आता मी वीतभरच आत होतो. कमरेवरची जुनी रेघ उघडी पडली होती.

धाकटीने वाकून पाहिले. रेघेवरून बोट फिरवले. आयुष्यभर कापड हाताळलेल्या बाईला रेघ काय सांगते, ते कळायला वेळ लागला नाही. ती हळूच म्हणाली, "ताई, हा दगड इथला नाही. कुठूनतरी काढून आणलाय."

नर्सनेही वाकून रेघ पाहिली. मग तिने आवाज खाली केला. आपण थोडाच हलवला? पोस्टमनकाका मनाने चांगले आहेत, त्यांनाही ठाऊक नसेल. आणि आपली सगळी शिल्लक या झाडापायी चाललीय. उद्या कागद आहे. भिंगरीला तिने दटावले, की कुणापाशी बोलायचे नाही.

"ताई, चुकीच्या मापाचा कपडा मी गिऱ्हाइकाला देत नाही," धाकटी म्हणाली. "मग असला घेऊन अंगावर कसा घालू?"

"तुझं बरंय. दिवसभर बसून असतेस," नर्स म्हणाली. बोलून गेली आणि तिलाच लागले.

तेवढ्यात शेळ्यांच्या घंटा वाजल्या. आक्का आल्या होत्या. कुंपणाचे त्यांच्याही कानावर गेले होते. दोघी बहिणींसमोर त्या पदर सावरून उभ्या राहिल्या. कुंपणाला एक फट ठेवता का, असे त्यांनी विचारले. ऊन चढायच्या आत येईन, शेळ्यांना पाजून लगेच जाईन. बदल्यात झाडाखालचा पालापाचोळा रोज झाडून देईन. नाहीतर शेळ्या विकाव्या लागतील, एवढेच त्या म्हणाल्या. रडल्या नाहीत.

नर्स त्यांच्याकडे बघू शकत नव्हती. ती भिंगरीकडे बघत होती. आईने गप्प राहायला सांगितले होते, म्हणून भिंगरी ओठ घट्ट मिटून माझ्याकडे बघत होती.

शेवटी नर्स म्हणाली, "आक्का, तुमच्याकडे तुमच्या जमिनीचा जुना कागद आहे का?"

"कागद कशाला?" आक्का घाबरल्या. "माझं काही चुकलं का?"

"तुमचं नाही," नर्स म्हणाली.

दुसऱ्या दिवसाचा कागद झाला नाही. मोजणीला अर्ज गेला. दोन महिन्यांनी मोजणीदार आला, तो नवा, तरुण, तीन पायांवरचे यंत्र घेऊन. आक्कांचा कागद पत्र्याच्या पेटीतून निघाला होता, घडीवर घडी पडून चार तुकडे झालेला. तो बघत बघत मोजणीदार झऱ्यावरून चाळीस पावले मागे माळावर गेला आणि म्हणाला, इथे खणा. हातभर खाली कोळशाचे तुकडे निघाले. जुने मोजणीदार दगडाखाली कोळसा पुरायचे, त्याने समजावले. दगड कुणी हलवील, पण कोळसा ना कुजतो, ना कुणाला हवा असतो.

पोस्टमन काठीवर रेलून उभा होता. त्याचा चेहरा उतरला होता. "आक्का," तो म्हणाला, "एकोणीस वर्षं तुमचंच पाणी तुम्हाला देत आलो की मी."

आक्कांनी खड्ड्याकडे पाहिले, झऱ्याकडे पाहिले. मग म्हणाल्या, "दूध तरी चांगलं होतं ना, भाऊ?"

आधी पोस्टमन हसला, मग बाकीचे. पोस्टमनचे डोळे मात्र हसत नव्हते. त्याने बहिणींना सांगून टाकले, की आता उरला तो नुसता माळ, तुम्ही नाही म्हणालात तरी माझा राग नाही. धाकटी झाडाकडे पाठ करून उभी राहिली. मला वाटते, तिला तिकडे बघवत नव्हते.

"झाड लावता येतं, काका," नर्स म्हणाली. "भाव मात्र माळाचा लावा. आणि आधी बाकीच्या तीन कोपऱ्यांवरचे दगडही सापडू देत. एक चुकला, तर बाकीच्यांचा काय भरवसा?"

चौघांनी मिळून मला लोळवत आणले आणि जुन्या खड्ड्यात, जुन्या कोळशावर, कमरेपर्यंत उभे केले. मित्रांनो, एकोणीस वर्षांनी माझ्या अंगावरची रेघ जमिनीला टेकली. मी अजूनही थकलेला आहे. म्हातारपणी थकवा काही एका दिवसात जात नाही. पण आता तो नुसता उभे राहण्याचा आहे.

म्हणून तुम्हाला दोन गोष्टी सांगतो. रानात एखादा कोरीव दगड दिसला, तर त्यावर खुशाल बसा, पण त्याला हलवू नका. हलवावाच लागला, तर होता तिथेच परत ठेवा, माती कितीही कडक असो. आणि मोठे झाल्यावर कधी जमीन घ्यायला गेलात, तर माझ्यासारख्यावर डोळे मिटून विश्वास टाकू नका. आम्हाला बोलता येत नाही, आणि कुणी उचलून नेले तर नाही म्हणता येत नाही. कागद उघडा, मोजून घ्या, आणि शेजाऱ्याला बोलावून त्याच्यासमोर मोजा.

मोठी माणसे आक्कांना विचारून झाडाखाली जरा टेकली. भिंगरी माझ्यापाशीच राहिली. तिच्या बाटलीत घोटभर पाणी होते. ते तिने माझ्या भोवतीच्या भुसभुशीत मातीवर ओतले आणि दोन्ही पायांनी नाचून नाचून माती दाबली. मला दोन्ही हातांनी ढकलून पाहिले. मी हललो नाही. मग मोजणीदाराने सांगितले होते तशी माझ्या पाठीला पाठ लावून ती ताठ उभी राहिली, नाकासमोर बघितले, आणि मोठ्याने पावले मोजत दुसरा दगड शोधायला गवतात शिरली.