दोषांचा रकाना

छायाचित्र विभागात एकच नवा कॅमेरा आला, तोही दुकानाने पंधरा दिवस वापरून बघायला दिलेला. व्यावसायिकांचा, मोठ्या सेन्सरचा फुल-फ्रेम डीएसएलआर. पसंत पडला तर घ्यायचा, नाहीतर शुक्रवारी परत. घेतला तर तो घारीला मिळणार, हे संपादकांनी बैठकीतच सांगून टाकलं. आणि त्याच बैठकीत ते मास्तरांकडे वळले.

‘‘तुम्ही सगळ्यात जुने. एक दिवस वापरा आणि गुण-दोष लिहून द्या. तुमच्या शब्दावर ठरवू.’’

मास्तर बावीस वर्षं या पेपरात फोटो काढत होते. विभागात आलेल्या प्रत्येकाला त्यांनीच शिकवलं, म्हणून मास्तर. घारही त्यांच्याच हाताखाली तयार झाली. गर्दीत कुठेतरी उंच चढून वरून नेमका फोटो उचलते, म्हणून घार. सहा वर्षांत तिचे फोटो पहिल्या पानावर गेले आणि मास्तरांचे पाचव्या पानावर, दोन कॉलमांत.

‘‘सवत आल्यासारखं तोंड का केलंय?’’ मंगळवारी सकाळी चहा ओतताना बायकोने विचारलं.

‘‘नवा कॅमेरा जड आहे.’’

‘‘उचललात कधी?’’

‘‘आज उचलणार आहे.’’

मंगळवारी घारीची सुटी असे. तोवर तीच वापरत असलेला कॅमेरा मास्तरांनी तिच्या कपाटातून घेतला आणि बुद्धिबळ स्पर्धेच्या अंतिम सामन्याला गेले. दिवे फक्त पटावर, बाकी सभागृह अंधारं. फ्लॅशला मनाई. त्यांनी पहिला फोटो काढला आणि आतला आरसा उचलून आपटल्याचा खटका अख्ख्या सभागृहाला ऐकू गेला. पंचांनी मान वळवून डोळे वटारले. मास्तरांना इतकं बरं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

दुपारच्या सुटीत त्यांनी कागदाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे गुण, उजवीकडे दोष. उजवीकडे पेन धावू लागलं. लेन्ससकट वजन दोन किलोच्या वर, खांदा उतरतो. खटका मोठा. फाइली अगडबंब, पाठवायला वेळ खातात. फोकसचे बिंदू सगळे मधेच दाटीवाटीने. माणूस कडेला बसला की पंचाईत. आपली जुनी लांब लेन्स लावली तर छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर दिसतो तेवढा खेळाडू जवळ दिसत नाही. असेच आणखी दोन. यातलं सगळं खरं होतं. सात मुद्दे झाल्यावर ते थोडं थांबले आणि आठवा लिहिला: ‘कमी उजेडात भरवसा धरू नये.’ हे त्यांनी तपासलं नव्हतं. डावीकडे त्यांनी लिहिलं, ‘बॅटरी टिकते.’ कागदाचा फोटो काढून संपादकांना पाठवला आणि मग ते सामन्याला परतले.

सहाच्या सुमारास जुनी विजेती हरली. चार वर्षं तिला कोणी हरवलं नव्हतं. तिने राजा आडवा केला, समोरच्या नवख्या मुलीचा हात हातात घेतला आणि हसली. ओठ हसले, डोळे त्या मुलीच्या हाताकडे असे बघत होते, जणू तो हात तिच्याकडून काहीतरी उचलून नेणार आहे. मास्तरांनी ती नजर लगेच ओळखली. जुन्या कॅमेऱ्यावर कधी नेली नसती तिथवर उजेड टिपायची संवेदनशीलता चढवली आणि बटण दाबलं. पंचांनी पुन्हा बघितलं.

पडद्यावर फोटो मोठा करून पाहिला. कुठे दाणे नाहीत. पापण्या मोजता येत होत्या. जुन्या कॅमेऱ्यावर या उजेडात चेहऱ्याचा रवा झाला असता. फोटो कॅमेऱ्यामुळे नाही, आपल्या हातामुळे आला, असं त्यांनी ठरवलं आणि कार्डावरून तो थेट डेस्कला पाठवला.

बुधवारी तो पहिल्या पानावर होता. पाच कॉलम. खाली बारीक अक्षरांत घारीचं नाव.

मास्तर डेस्कवर पोचले तेव्हा पानं लावणारा तिला म्हणत होता, ‘‘सुटीच्या दिवशीही झडप घातलीस की!’’

‘‘अरे, काल मी आईकडे पडद्यांना कड्या लावत होते! नाव कुठून आलं?’’

‘‘फाइलमध्ये असतं तेच आपोआप येतं. मी कशाला घालू?’’

घारीने कपाळावर हात मारला. मग तिला मास्तर दिसले. ‘‘मास्तर, फोटो तुमचा ना? अहो, तुम्हीच शिकवलंत, नवा कॅमेरा हातात आला की पहिलं काम, त्यात आपलं नाव घालायचं. मी घातलं.’’

कॅमेऱ्यातला एकूण एक दोष मास्तरांनी शोधला होता, पण मेनूतल्या त्या नावाच्या ओळीशी गेले नव्हते.

‘‘चला साहेबांकडे,’’ घार म्हणाली. ‘‘असा फोटो मी काढला असता तर कोणाला दिला नसता.’’

संपादकांच्या टेबलावर कालचा कागद होता आणि शेजारी आजचं पान.

‘‘ही म्हणते, फोटो तुमचा. कोणत्या कॅमेऱ्यावर काढलात?’’

‘‘याच.’’

‘‘मग आठवा मुद्दा वाचून दाखवा.’’

मास्तरांनी वाचला. घार खिडकीबाहेर बघू लागली.

‘‘दोन्ही खरं कसं? कागद खरा असेल तर कॅमेरा शुक्रवारी परत जाईल, आणि फोटोवरचं नाव मी आहे तसं ठेवतो. फोटो तुमचा असेल तर कॅमेरा घेतो. तो कोणाला मिळणार, हे सांगितलंच आहे.’’

कॅमेरा परत गेला असता तर घारीच्या हातातही जुनाच राहिला असता. बावीस वर्षांतला सगळ्यात चांगला फोटो तिच्या नावावर, एवढंच. मास्तरांनी पानावरच्या त्या हरलेल्या बाईच्या डोळ्यांकडे बघितलं. मग पेन मागितलं, आठवा मुद्दा खोडला आणि डावीकडे, ‘बॅटरी टिकते’च्या खाली लिहिलं, ‘अंधारात दिसतं.’ कागद परत देता देता थांबले, आणि उजवीकडे एक मुद्दा वाढवला: ‘आधीच्या माणसाचं नाव स्वतःहून पुसलं जात नाही.’

‘‘हा कॅमेऱ्याचा दोष?’’ संपादकांनी विचारलं.

‘‘असू द्या,’’ मास्तर म्हणाले.

गुरुवारी दुसऱ्या पानाच्या तळाशी तीन ओळींची दुरुस्ती आली. बायकोने ती मोठ्याने वाचली, मग चष्मा लावून पुन्हा वाचली.

‘‘अहो, तुमच्या नावातली वेलांटी चुकलीय.’’