उलटा मीटर

फोल्कमारची लाल टू-सीटर चाळीस वर्षांची, पण घोडनवरीसारखी घरातच बसलेली. मीटरवरचे किलोमीटर वाढले की संग्राहकांच्या लेखी किंमत उतरते. म्हणून दर रविवारी श्टुटगार्टबाहेरच्या बेकरीसमोर गाडीवेड्यांचा अड्डा जमला, की ती ट्रेलरवर बसून यायची. ट्रेलर ओढायची त्याच्या अड्ड्यावरच्या मैत्रिणीची, गेझीनची, वेगवान सेडान. आपण या गाडीचे ड्रायव्हर नसून वॉचमन आहोत, हे फोल्कमारलाही ठाऊक होतं.

"चार दारं! गाडी आहे की कपाट?" बेकरीतला खारा प्रेत्झेल पाव मोडत तो म्हणाला.

"त्याच कपाटानं तुझी महाराणी ओढून आणली रे," गेझीन म्हणाली. "आज चालवत घरी ने. नेलीस, तर तुझी गाडी श्रेष्ठ. नाहीतर माझा ट्रेलर विसर."

फोल्कमारला इज्जतही हवी होती आणि मीटरही. मग त्याला आठवलं, की रिव्हर्समध्ये हा जुना मीटर उलटा फिरतो. स्वतःच्याच हुशारीनं भारावून, मान मागे वळवून तो उलटाच निघाला. नाकाला नाक लावून गेझीनची सेडान येत होती आणि तिचा हॉर्न प्रत्येक वळणावर हसत होता.

घरी मीटर खरोखरच उतरला होता. गेझीननं हारही मानली. फोल्कमारची मान मात्र सरळ होईना. सोमवारी तिनंच त्याला डॉक्टरकडे नेलं.

"काय रे, कसं आहे कपाट?"

मागच्या सीटवरून, मागच्या काचेकडे बघत फोल्कमार म्हणाला, "पाय पसरायला ऐसपैस आहे."