चंद्रावतीची साठां

भर दुपारी बाराच्या उन्हात चंद्रावतीनं साठांच्या चटयांवर कळशीभर पाणी ओतलं. आम्ही शेजारी, पण हे आम्हाला फार उशिरा कळलं. चार दिवस रसाळ फणसाचा गर चाळून, गूळ घालून, पातळ पसरून वाळवलेली ती साठां. दुसऱ्या दिवशी म्हापशाला जायची होती. तिथल्या दुकानदारानं, कृष्णनाथानं, चव बघून सांगितलं होतं, "दर गुरुवारी शंभर पुडकी धाड. मे संपेपर्यंत." आमच्या इब्रामपुरात अशी मागणी कुणाच्या दारात आली नव्हती.

कळशी उलटी ठेवून ती वळली, तर मागच्या दारात शालिनी उभी.

शालिनी म्हणजे तिची थोरली नणंद, नवऱ्याची, बाबुरावची बहीण. पेडण्याला बसस्टँडजवळ तिची खानावळ होती. ती इतकी चालली की बाजूची खोलीही घ्यावी लागली. त्याच वर्षी तिचा नवरा तापानं गेला. बाई वर चढली म्हणून घोव गेला, असं लोकांनी ठरवलं. लोकांचं सोडा, सख्ख्या आईनं, रुक्मिणीनं, तेच म्हटलं. शालिनी खानावळ मोडून माहेरी आली आणि अकरा वर्षं मागच्या खोलीत राहिली. चवथीला गणपती बसला की हीच आवस म्हणायची, "तू भायर येव नको."

लग्न होऊन आल्यापासून चंद्रावती हे बघत होती.

"कुत्र्यान कळशी पाडल्यान," ती म्हणाली.

"कुत्रो कळशी उलटी करून ठेवता?"

चंद्रावती पायरीवर बसली. "माका नाय जमाचा, शालूबाय. शंभराची दोनशां होतली. मगे लोक बोलतले. माझा तुमच्यासारखा झाला तर?"

शालिनीनं उलटी कळशी उचलून सरळ ठेवली. मग म्हणाली, "मी खानावळ बंद केलंय त्येका अकरा वर्सां झाली. बंद केल्यार कोणी माका बारशाक बोलवल्यान?"

"नाय."

"आवशीन माझ्या हातचा पाणी घेतल्यान?"

"नाय."

"मगे मी ती बंद कित्याक केलंय? रोज सकाळी उठान माका ह्योच प्रश्न पडता."

भिजलेली साठां दोघींनी गुरांना घातली. कृष्णनाथाला एक आठवडा थांबायचा निरोप गेला. शालिनी अकरा वर्षांनी घरापुढच्या खळ्यात आली, हाताला तेल लावून फणस फोडायला बसली. मुलाच्या, बाबुरावच्या काळजीनं रुक्मिणी दारातून म्हणाली, "हिचो हात लागलो. आता माझ्या झिलाचा बरा होवचा नाय."

तीन गुरुवार पुडकी गेली. चौथ्या आठवड्यात फणस काढायला चढलेला बाबुराव फांदी मोडून खाली आला. मांडीचं हाड तुटलं.

रुक्मिणीनं खळ्यात बसून ऊर बडवला. "खाल्ल्यान. दोघींनी मिळान माझ्या झिलाक खाल्ल्यान." बघायला आलेल्या बायकांतली एकही तिला गप्प बस म्हणाली नाही. खोटं कशाला सांगू, मीही त्यात होते.

म्हापशाच्या इस्पितळात पायाला प्लास्टर घालून बाबुराव पडला होता. डॉक्टरनं सांगितलं, चालेल, पण लंगडेल.

"आता पुरे झाला," बाबुराव बायकोला म्हणाला. "बंद कर ता."

"फांदी कुजकी होती."

"आवस सांगता ता खोटा काय?"

 ज्याला चंद्रावती इतकी वर्षं भीत होती ते समोर खाटेवर निजलं होतं, आणि तिला नुसती भूक लागली होती. बाबुरावनं भिंतीकडे तोंड फिरवलं. तिनं त्याची चादर सारखी केली, खाली उतरून पाव खाल्ला आणि कृष्णनाथाच्या दुकानात गेली.

"दोनशां धाडू?" तिनं विचारलं.

"धाड."

वाड्यावर त्यांना फणस द्यायला कोणी तयार होईना. आम्हीही दिले नाहीत. दोघी कोसभर चालून पलीकडच्या गावातून डोक्यावरून आणत. रुक्मिणीनं आपली पेज वेगळ्या चुलीवर शिजवायला घेतली.

गुरुवारी सकाळी दोनशे पुडकी बसच्या टपावर चढली. कंडक्टरनं खालून विचारलं, "घोव कसो आसा?"

"लंगडतलो," चंद्रावती म्हणाली, आणि टपावरची दोरी तिनं आणखी आवळली.