खंडेनवमीच्या पाटावरची गिटार

मित्रांनो, मी एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आहे. जुनी म्हणजे अगदीच मोडीत निघालेली नव्हे. लाकूड अजून घट्ट आहे, मान सरळ आहे, आणि लाल रंग कोपऱ्यांवर उडाला असला तरी दुरून कुणाच्या लक्षात येत नाही. माझे बरेचसे भाग आता नवे आहेत. तरीही मी तीच आहे, आणि ती कशी, एवढेच तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म परदेशातल्या कुठल्याशा कारखान्यात झाला. एकाने मान कापली, दुसऱ्याने धड घासले, तिसऱ्याने रंग फवारला. आई-बाप म्हणावे असे तिथे कुणी नव्हते. खोक्यात बंद झाले ती जागी झाले थेट बडोद्यात, लहरीपुऱ्यातल्या एका वाद्यांच्या दुकानात. डोक्यावर ढोलक टांगलेले, शेजारी हार्मोनियमची रांग. गिऱ्हाइके हार्मोनियमची आस्थेने चौकशी करत आणि जाता जाता माझ्या तारांवरून बोट फिरवून पुढे जात. मी खूप दिवस तशीच लटकत होते.

मग एके दिवशी बाळकृष्णराव आले. मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात ते फिटर होते, आणि त्यांच्या यशश्रीला दहावीला चांगले गुण मिळाले होते. तिने गिटार मागितली होती. दुकानदार म्हणाला, वाजवून दाखवतो. बाळकृष्णरावांनी त्याला हातानेच थांबवले. त्यांनी मला उलटे केले, एकेक स्क्रू नखाने चाचपला, एक डोळा मिटून माझी मान लोखंडी सळई पाहावी तशी पाहिली आणि म्हणाले, काम नीट झालंय, द्या बांधून. माझा सूर न ऐकता मला पसंत करणारा तो पहिला आणि शेवटचा माणूस. चादरीत गुंडाळून स्कूटरच्या मागच्या सीटवर बांधून त्यांनी मला तरसालीला घरी नेले, आणि मला घर मिळाले.

इथे माझ्या रचनेविषयी थोडे सांगायला हवे. माझ्या तारांच्या खाली तीन लांबट चुंबक बसवलेले होते आणि प्रत्येकाभोवती बारीक तारेचे वेटोळे होते. त्यांना पिकअप म्हणतात. तार थरथरली की पिकअप ती थरथर पकडतो आणि केबलमधून स्पीकरकडे धाडतो. पिकअप नसतील तर मी रंगवलेली फळी आहे. माझे पिकअप साधे होते, एकेरी वेटोळ्याचे. त्यांना तारांचा आवाज ऐकू येई, तसाच आसपासच्या विजेच्या दिव्यांचाही येई, आणि मग स्पीकरमधून सारखी घूं घूं चाले.

घरात ती घूं घूं कुणाला खुपली नाही. यशश्री खोलीचे दार लावून शिकायची. बोटांना घट्टे पडले, तारा तुटल्या, शेजारच्या काकूंनी दोनदा विचारून झाले की घरात मिक्सर बिघडलाय का. पण मुलगी चिकाटीची होती. कॉलेजात असताना ती गरब्याच्या एका पार्टीत, म्हणजे वाद्यवृंदात, वाजवू लागली. बडोद्यात नवरात्र म्हणजे काय असते, हे बडोद्याबाहेरच्यांना सांगून समजायचे नाही. हजारो माणसे गोल फिरत असतात, ढोल घुमत असतो, आणि त्यात मधूनच माझा एक टणत्कार. लोक माना वळवून पाहत, ही पोरगी कुणाची म्हणून विचारत. राजेश्वरीबाई, म्हणजे यशश्रीची आई, मैदानाच्या कडेला उभ्या राहून कुणी न विचारताही सांगत असत.

या राजेश्वरीबाईंमुळेच मला एक मान मिळाला, जो माझ्या जातीच्या फार थोड्यांना मिळाला असेल. बाळकृष्णरावांचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. त्यांची तलवार घरात आहे. खंडेनवमीला ती तलवार पाटावर ठेवायची, तिला तेल लावायचे, हळदकुंकू वाहायचे, ही या घराची रीत. तलवारीशेजारी बाळकृष्णरावांच्या कानशी, पाने, हातड्रिल. मी घरात आले त्याच वर्षी राजेश्वरीबाईंनी मलाही पाटावर ठेवले. बाळकृष्णराव हसले, तर त्या म्हणाल्या की ज्याच्यावर पोरीचा मान आहे ते तिचे शस्त्रच. तलवारीला तेल लावलेल्या त्याच बोटाने त्यांनी माझ्या पिकअपांवर आणि बटणांवर हळदकुंकू लावले, वर अक्षता टाकल्या. मी तेव्हा इतकी सुखावले की काय सांगू. त्यानंतर दरवर्षी पाटावर माझी जागा ठरलेली असे.

वर्षे गेली. यशश्री सावली गावातल्या एका औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरीला लागली. बाळकृष्णराव निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांत त्यांचा उजवा हात थरथरू लागला. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरू लागले. हत्यारांची पेटी पलंगाखाली गेली. खंडेनवमीपुरती तेवढी बाहेर यायची. ते दिवसभर खिडकीशी बसून राहत, आणि घरात कुणी त्या हाताविषयी बोलत नसे.

माझीही तब्येत ढासळत चालली होती. मंचावर दिवे वाढले, तशी घूं घूं वाढली. शिवाय बटण फिरवले की खरखर, आवाज मध्येच गुडूप. खुंट्या सैल झाल्या होत्या. एक गरबा संपेपर्यंत सूर उतरलेला असे. पार्टीचा म्होरक्या कुणाल मनाने वाईट नव्हता, पण गेल्या पावसाळ्यात तालमीनंतर त्याने स्पष्ट सांगितले, "यशश्रीबेन, आ अवाज नहीं चाले. या वेळी दुसरी गिटार आणा, नाहीतर मला दुसरा वाजवणारा बघावा लागेल." नवरात्राआधीची मोठी तालीम तेवढी तिला दिली होती. त्या दिवशी आवाज स्वच्छ आला तर तिची जागा राहील, नाहीतर गेली.

मैत्रिणींनी तिला नव्या गिटारींचे फोटो पाठवले. मी कोपऱ्यात उभी राहून तिच्या मोबाइलचा उजेड तिच्या तोंडावर पाहत होते, आणि मनात निरवानिरव करून टाकली होती. पण आठवड्याने पार्सल आले त्यात गिटार नव्हती. नवे पिकअप होते, नव्या खुंट्या होत्या आणि तारा तळाशी जिथे अडकतात तो नवा ब्रिज होता. यशश्री ते खोके घेऊन खिडकीशी गेली आणि म्हणाली, "बाबा, पेटी काढा. मला एकटीला जमायचं नाही."

तालमीच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, जेवणाच्या टेबलावर टॉवेल अंथरून त्यांनी मला निजवले. तारा काढल्या, स्क्रू वाटीत ठेवले, आणि माझी छाती उघडली. जुने पिकअप बाहेर येताच दोघेही हसू लागले. चुंबकांना लोखंडाच्या किसाच्या मिशा फुटल्या होत्या. दरवर्षी पाटावर मी कानशींच्या शेजारी झोपत होते ना. त्यांच्या दातांतला कीस माझ्या चुंबकांनी गुपचूप ओढून घेतला होता. इतक्या वर्षांची मिशी ती, चांगली झुबकेदार झाली होती.

नवे पिकअप दुहेरी वेटोळ्याचे होते. एक वेटोळे दिव्यांची घूं घूं जशी पकडते तशीच दुसरे उलटी पकडते, आणि दोन्ही मिळून ती नाहीशी होते. तारांचा आवाज मात्र राहतो. आकाराने ते जुन्यांच्याच खोबणीत बसले. नव्या खुंट्या मात्र जाड निघाल्या. माझ्या माथ्यावरची भोके मोठी करायला हवी होती. बाळकृष्णरावांनी गोल कानस दोन्ही हातांत धरली आणि हळूहळू भोके रुंदावली. त्यांचा हात तेव्हा कमी थरथरत होता, की मला तसे वाटले, कोण जाणे.

मग प्रत्येक खुंटीच्या स्क्रूसाठी माथ्याच्या मागे बारीक भोक पाडायचे होते. त्यांनी हातड्रिल घेतले. पहिली काही छान पडली. एका भोकाला हात उडाला, ड्रिल घसरले, आणि माझ्या माथ्याच्या मागे बोटभर लांब ओरखडा उमटला.  बाळकृष्णरावांनी ड्रिल टेबलावर ठेवले आणि हात मांडीखाली घेतला.

"तूच कर पुढचं," ते म्हणाले.

यशश्रीने ओरखड्यावरून बोट फिरवले. तिलाही तो लागला असणार, तिच्या जिवाच्या वस्तूला लागला होता. पण तिने ड्रिल उचलून पुन्हा त्यांच्यापुढे धरले. "दोनच राहिलीत, बाबा. मी हिची मान घट्ट धरते. तुम्ही घाई करू नका."

त्यांनी ती दोन भोके पाडली. मित्रांनो, मला ओरखडा पडला त्याचे मला खरोखर काही वाटले नाही. त्या माणसाने खिडकी सोडून पुन्हा हातात हत्यार घेतले होते, आणि तेही माझ्यासाठी, यानेच मला भरून आले होते.

आतल्या तारांना डाक लावायचे, म्हणजे कथील वितळवून जोड पक्के करायचे काम यशश्रीने केले. दुपारी तारा चढल्या, केबल जोडली. घूं घूं नावालाही नव्हती. पण पिकअप बदलायचा खटका तिने हलवला मात्र, आणि स्पीकरमधून तीच जुनी खरखर निघाली. आवाजाचे बटण फिरवले, तिथेही खरखर. उद्या तालीम होती. यशश्रीने कपाळ टेबलावर टेकवले. एवढे सगळे करून मी तिला तोंडघशी पाडणार असे दिसत होते.

शेवटी खटका आणि बटणेच तेवढी जुनी राहिली आहेत, ती उघडून पाहू, असे दोघांनी ठरवले. यशश्रीने खटका काढला आणि चिमट्याने त्याच्या पत्र्यांमधून काहीतरी ओढले. तेलकट, लालपिवळा, कडक झालेला लगदा होता आणि त्यात रुतलेला तांदळाचा दाणा. तिने मूठ मिटली. बाळकृष्णराव मुद्दाम दुसरीकडे पाहू लागले. पण राजेश्वरीबाई चहाचे कप घेऊन मागेच उभ्या होत्या.

"माझ्याच अक्षता ना त्या?" त्यांनी विचारले.

यशश्रीने मूठ उघडली.

"म्हणजे इतकी वर्षं हिचा घसा मीच बसवला," त्या म्हणाल्या, कप ठेवले आणि आत गेल्या. बाळकृष्णराव स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन म्हणाले की कीस तर माझ्या कानशींचा होता, मग तुझ्या एकटीचीच चूक कशी. आतून भांड्यांचा आवाज तेवढा आला. मला बोलता येत असते तर मी त्या दिवशी बोलले असते. दुकानात जिला कुणी उतरवून पाहत नव्हते, तिला या बाईने तलवारीच्या शेजारी बसवले होते. त्यापुढे थोडी खरखर म्हणजे काय?

स्पिरिट आणि जुना दात घासायचा ब्रश घेऊन बापलेकींनी खटका आणि बटणे लखलखीत केली. संध्याकाळी मी वाजले तेव्हा माझाच आवाज मला ओळखू येईना.

दुसऱ्या दिवशी तालमीला कुणालने सगळे दिवे लावले आणि स्पीकर पूर्ण मोठा केला. काहीच ऐकू येईना. तो वाकून केबल पाहू लागला आणि म्हणाला, "बेन, चालू तो छे ने?" यशश्रीने उत्तर म्हणून तारा छेडल्या. ढोलवाला दचकून मागे सरकला. कुणाल हसला आणि म्हणाला, "हवे बराबर," म्हणजे आता जमलं. यशश्रीची जागा राहिली. घरी येताना तिने स्कूटरवर मला मागे न बांधता पुढे पायांशी घेतले होते आणि सिग्नलला थांबली की माझ्या खोळीवर हात ठेवत होती.

नवरात्र बसले. रोज संध्याकाळी मी वाजत होते, सूर उतरत नव्हता, खरखर नव्हती. मग खंडेनवमीची सकाळ आली. राजेश्वरीबाईंनी पाट मांडला, तलवार ठेवली. बाळकृष्णरावांनी या वेळी कानशी घासून, पुसून, कागदात गुंडाळून आणल्या. शिवणाची कात्री आली, सुरी आली. माझी जागा मात्र रिकामीच होती. राजेश्वरीबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि हळदकुंकवाचे तबक दुसऱ्या बाजूला सरकवले. मित्रांनो, इतक्या वर्षांत मला एवढे परके कधी वाटले नव्हते.

यशश्री न्हाऊन आली, तिने पाट पाहिला, आणि काही न बोलता मला उचलून तलवारीशेजारी पालथे ठेवले. पिकअप खाली, पाठ वर.

"आता लाव, आई," ती म्हणाली. "पाठीला कसलंच बटण नाही."

राजेश्वरीबाईंनी आधी पदराला बोट पुसले. मग कोरड्या बोटावर कुंकू घेतले आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत फिरवत वर माथ्यापर्यंत नेला. ओरखड्याशी येऊन हात थांबला.

"तिथं नको," बाळकृष्णराव पटकन म्हणाले. "तेवढं मी बिघडवलंय."

"तिथंच," राजेश्वरीबाई म्हणाल्या. "बाकी सगळं पार्सलातून आलंय. एवढंच घरचं आहे."

आणि त्यांनी त्या ओरखड्यावर कुंकू लावले. बाळकृष्णरावांनी थरथरत्या हातांनी अक्षता वाहिल्या. त्या घरंगळून पाटावर पडल्या, आणि यशश्रीने त्या एकेक वेचून पुन्हा त्यांच्या ओंजळीत दिल्या.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी जुनी वस्तू कुरकुरत असेल तर तिला टाकण्याआधी एकदा उघडून पाहा. तिच्या पोटात कुणाची तरी माया अडकलेली सापडेल. ती अलगद बाजूला काढा, पण ज्या हाताची ती आहे त्या हाताला रागावू नका. आणि उघडायला घरातल्या थकलेल्या हातांना हाक मारा. मला नवे पिकअप मिळाले, नव्या खुंट्या मिळाल्या, त्यांची मी आभारी आहे. पण मला पुन्हा जुनी जागा मिळाली, त्याचे आभार कुठल्या सुरात मानू ते मला अजून सापडलेले नाही.

त्या संध्याकाळी मैदानात सगळ्यांनी माझा लाल चेहरा पाहिला. माथ्यामागचे कुंकू कुणालाच दिसले नाही. ते मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या दोघांना, वाजवणाऱ्या यशश्रीला आणि मला ठाऊक होते.